बाटलीवर गावाचे नाव

आटपाडीच्या बाजार समितीत डाळिंबाचे सौदे सुरू झाले, की क्रेटच्या रांगांमधून माणसांचा घोळका पुढे सरकू लागतो. वरच्या थरातले एखादे फळ फोडून दाण्यांचा रंग पाहिला जातो, बोली चढते, कुठेतरी अडते आणि पट्टी होते. तिथेच त्या डाळिंबाचे गाव संपते. ते खरसुंडीचे होते की दिघंचीचे, मुरमाड माळावरचे होते की ओढ्याकाठच्या रानातले, बागेला ताण किती दिवस दिला होता, पाणी टँकरचे होते की टेंभू योजनेचे, हे सगळे आवाराच्या फाटकात राहते. दिल्ली-कोलकात्याच्या गाड्यावर पोचते ते नुसते अनार.

तासगावच्या द्राक्षाची कथा वेगळी नाही. बागायतदार वर्षभर मणी न् मणी जपतो आणि शेवटी भाव लागतो तो किलोला.

शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका द्राक्षमळ्याचीही हीच गत होती, आणि तो मळा काही गरिबाचा नव्हता. बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंदच्या खाडीलगत पोयाक नावाचे गाव आहे. तिथला हा मळा 1853 मध्ये नॅथॅनियल द रोथशिल्ड या बँकर घराण्यातल्या माणसाने लिलावात घेतला. तेव्हापासून तो ‘शातो मुटों रोथशिल्ड’ म्हणून ओळखला जातो. दोनच वर्षांनी, 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी, बोर्दोच्या दलालांनी मळ्यांची प्रतवारी लावली. निकष साधा होता: आजवर बाजारात कोणाच्या वाइनला काय भाव मिळाला. लाफीत, मार्गो, ओ-ब्रियों आणि मराठी कानाला थेट मराठवाड्यात नेणारा लातूर, हे चार मळे पहिल्या पंक्तीत बसले. मुटोंला दुसऱ्या पंक्तीचे पहिले पान मिळाले. दलालांनी घातलेली ती पंगत आजही जवळपास तशीच चालू आहे.

1922 मध्ये फिलिप द रोथशिल्ड यांनी मळ्याचा कारभार हाती घेतला तेव्हा त्यांचे वय वीस वर्षे होते. तोवरची रीत अशी, की मळेवाल्याने द्राक्षे पिकवायची, रस आंबवायचा आणि पिंपे भरून बोर्दोच्या व्यापाऱ्यांच्या वखारीत पाठवायची. वाइन मुरायची ती तिथे. बाटलीत भरायचा व्यापारी, चिठ्ठी चिकटवायचा व्यापारी, आणि मधल्या काळात पिंपात काय पडले हे मळ्याला कळायचे नाही. दक्षिणेकडची दणकट वाइन बोर्दोच्या हलक्या वाइनमध्ये ओतण्याची चाल एकोणिसाव्या शतकात उघडउघड होती. दुधात पाणी घालणाऱ्याला निदान लपवावे तरी लागते.

फिलिप यांनी 1924 चे सगळे पीक मळ्यातच बाटलीत भरायचे ठरवले. पहिल्या पंक्तीतल्या मळ्यांनाही त्यांनी त्यासाठी राजी केले. त्या वर्षाच्या बाटलीची चिठ्ठी त्यांनी जाँ कार्लू या जाहिरात-चित्रकाराकडून काढून घेतली. जुन्या घराण्यांनी नाके मुरडली. मात्र नुसत्या निश्चयाने काम भागणारे नव्हते. जो माल पूर्वी वसंतात पिंपांतून निघून जाई, तो आता दोन-तीन वर्षे स्वतःच्या छपराखाली सांभाळायचा होता. म्हणून 1926 मध्ये शार्ल सिक्ली या वास्तुकाराकडून शंभर मीटर लांबीची वखार बांधून घेतली. व्यापाऱ्याला बगल देण्याच्या गोष्टी आपल्याकडे सभांमधून पुष्कळ होतात, पण वखारीचा विषय निघाला की सभा संपते. बेदाण्याच्या पट्ट्यात शीतगृहे उभी राहिल्यावर माल थोपवून धरण्याची ताकद शेतकऱ्याच्या हाती थोडी तरी आली, ती याच कारणाने.

पुढची गोष्ट आणखी शिकण्यासारखी आहे. 1930 चे पीक पाण्यात गेले. थंडी-पावसाने द्राक्षे नीट पिकली नाहीत आणि ती वाइन मुटोंच्या नावाला शोभणारी नव्हती. फिलिप यांनी तिच्यावर मुटोंची चिठ्ठी लावली नाही; ‘मुटों कादे’, म्हणजे धाकटा मुटों, या वेगळ्या नावाने ती स्वस्तात विकली. नाव राखायचे तर वाईट सालाचा माल त्या नावाने खपवायचा नाही, हा त्याचा अर्थ. गंमत अशी, की हा धाकटाच पुढे जगभर भरपूर खपला.

1945 पासून दर वर्षीची चिठ्ठी एका चित्रकाराला द्यायची प्रथा सुरू झाली. ब्राक, शागाल, मिरो, वॉरहॉल अशी ती यादी आहे. मानधन रोख नाही, वाइनच्या पेट्यांत. 2009 सालच्या बाटलीवर मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचे चित्र आहे. आणि ज्या पंक्तीत बसायला 118 वर्षे थांबावे लागले, तिथे मुटोंला 1973 मध्ये स्थान मिळाले. त्या आदेशावर सही करणारे कृषिमंत्री होते जाक शिराक, पुढे फ्रान्सचे अध्यक्ष झालेले. 1855 च्या यादीत मळ्याला वरच्या पंक्तीत नेणारी ही एकमेव बढती.

माणदेशी वाचकाने इथे क्षणभर थांबायला हरकत नाही. ‘मुटों’ म्हणजे फ्रेंचमध्ये मेंढरू. तोच शब्द इंग्रजीत गेला, मटन झाला आणि आपल्याकडे येऊन मटण. मळ्याच्या बोधचिन्हावर मेंढाच आहे. जाणकार सांगतात, की मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला, उंचवटा किंवा टेकाड अशा अर्थाचा असावा. म्हणजे माळ म्हणा की मेंढरू म्हणा, दोन्ही अर्थ आटपाडीच्या ओळखीचे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ लिहिली तो हाच मुलूख, आणि आजही या माळावर धनगराची मेंढरे चरताना दिसतात.

जमिनीचे साम्य तर याहून जवळचे आहे. पोयाकचा तो उंचवटा गोटे आणि वाळूचा आहे. पाणी धरत नाही, पोटात अन्न कमी, गहू पेरला तर शेतकरी बुडेल. द्राक्षवेलीची मुळे मात्र ओल शोधत खोल उतरतात, गोटे दिवसभराची ऊब रात्री वेलीला देतात, घड लहान राहतात आणि रस दाट होतो. त्या भागात वाढीच्या दिवसांत बागेला पाणी देण्यावर कायद्याने कडक निर्बंध आहेत. वेलीने थोडे सोसावे, ही तिथली शेतीच आहे. फ्रेंच लोक याला मोठा शब्द वापरतात आणि त्यावर पुस्तके लिहितात. आटपाडीचा डाळिंबवाला त्याला ‘ताण’ म्हणतो. बहार धरण्याआधी पाणी तोडायचे, पानगळ होऊ द्यायची, मग पाणी सोडून कळी काढायची. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार हे सगळे गणित ताणावर उभे आहे. मुरमाड रानातले डाळिंब भारी जमिनीतल्या डाळिंबापेक्षा चांगले का, हे इथल्या पोरालाही विचारावे लागत नाही. ज्या ज्ञानावर पोयाकची श्रीमंती उभी आहे ते ज्ञान माणदेशात आहे. नाही ती त्या ज्ञानाची चिठ्ठी.

आणखी एक नाते जमिनीच्या खाली आहे. 1860 च्या दशकात फ्रान्सच्या बागा अचानक वाळू लागल्या. 1868 मध्ये ज्यूल-एमील प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुळांवर एक बारीक पिवळसर कीड सापडली, अमेरिकेतून आलेली. तिचे नाव फायलोक्झेरा. औषधे, धूर, पाण्यात बाग बुडवणे, सगळे करून झाले. अखेर उपाय निघाला तो कलमाचा: खाली अमेरिकन रानवेलीचे खुंट, वर फ्रेंच द्राक्ष. 1887 मध्ये प्येर व्हियाला हे फ्रेंच शास्त्रज्ञ खुंट शोधत अमेरिकेत गेले. त्यांना वाट दाखवणाऱ्यांत टेक्सासचे थॉमस व्होल्नी मन्सन होते, ज्यांचा पुढे फ्रान्सने सन्मान केला. आता तासगाव-मिरजेच्या कोणत्याही बागायतदाराला विचारावे, खुंट कोणता? उत्तर येते, डॉगरिज. अवर्षण आणि क्षारपड जमीन सोसतो म्हणून महाराष्ट्रात पसरलेला हा खुंट त्याच टेक्सासच्या रानवेलींतला आहे. म्हणजे मुटोंची वेल आणि तासगावची वेल, दोघींचे माहेर निराळे असले तरी पाय एकाच परक्या मुलखाच्या मुळांवर आहेत.

यावरून कोणी घाईने म्हणेल, की मग सांगलीतही तांबडी वाइन होऊ दे. इथे सावध राहावे लागते. खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष या दोन वेगळ्या शेती आहेत. सांगलीचे वैभव थॉमसन आणि तिच्यातून निवडलेल्या वाणांचे. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेले तास-ए-गणेश हे त्यांतले मानाचे नाव. बिनबियांचे, पातळ सालीचे, जिब्रेलिक आम्लात घड बुडवून फुगवलेले हिरवे मणी खायला आणि बेदाण्याला उत्तम. तांबड्या वाइनला नेमके उलटे हवे: बारीक मणी, जाड काळी साल, आत बी. तांबड्या वाइनचा रंग रसात नसतो, सालीत असतो. रस, साल आणि बी एकत्र आंबवतात. साल फुगून वर येते, तिच्यावर खालचा रस पुन्हा पुन्हा सोडतात, तेव्हा रंग आणि तुरटपणा उतरतो. मग 225 लिटरच्या ओकच्या पिंपात महिनोन् महिने मुरवणे. एका पिंपाच्या बाटल्या 300.

उत्पन्नाचा हिशेब तर आपल्या माणसाला पटणारच नाही. खाण्याच्या द्राक्षात एकरी दहा-बारा टन काढणारा बागायतदार शाबासकी मिळवतो. पोयाकमध्ये हेक्टरी साधारण पन्नास हेक्टोलिटरच्या आसपास मर्यादा पडते, म्हणजे एकरी तीन टनांच्याही आत. त्याहून जास्त काढले तर पोयाकचे नाव लावता येत नाही. कमी पिकवण्याबद्दल बक्षीस देणारा बाजार असेल तरच हे चालते.

महाराष्ट्राने हे सगळे एकदा करून पाहिले आहे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळती वाइन काढली आणि ती परदेशात विकली. त्या उद्योगाचे नावच ‘शातो इंडाज’. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, करात सवलती दिल्या आणि दोन वाइन पार्क काढले: नाशिकजवळ विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला. पलूसच्या उद्यानाला कृष्णा खोऱ्याचे नाव मिळाले. मग 2008 ची मंदी आली, मुंबईतल्या 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर हॉटेले ओस पडली, मागणी बसली. इंडाज कर्जाखाली कोसळली. वाइनची द्राक्षे लावलेल्या बागायतदारांना गिऱ्हाईक उरले नाही, कारण ती बारीक, बियांची द्राक्षे कोणी खायलाही घेत नाही. अनेकांनी कुऱ्हाड घातली. नाशिक सावरले. पलूस, ज्या अपेक्षेने फीत कापली होती तिच्या जवळपासही गेले नाही.

का? सवलती दोघांनाही सारख्याच होत्या. नाशिकला मुंबईचे गिऱ्हाईक शनिवार-रविवारी गाडी काढून मळ्यात येते, हे एक कारण खरेच. पण दुसरे कारण नावाचे आहे. राजीव सामंत यांच्या सुलाने आपल्या चांगल्या शिराझला ‘दिंडोरी रिझर्व्ह’ म्हटले. दिंडोरी हे तालुक्याचे गाव. ते नाव बाटलीवर चढून पंचतारांकित हॉटेलच्या टेबलावर गेले. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकनही मिळाले. पलूसचे नाव कोणत्या टेबलावर गेले? कारखान्यांसाठी प्लॉट पाडता येतात. प्लॉट पाडून मळा होत नाही, आणि पाटीवर ‘शातो’ लिहूनही होत नाही.

माणदेशाला जवळचे उदाहरण नाशिकला नाही, अकलूजकडे आहे. आटपाडीतून दिघंचीवरून माळशिरस तालुक्यात उतरले, की उसाच्या फडांमध्ये मोटेवाडी, गारवाड, निमगाव या गावांच्या शिवारात तारांवर चढलेल्या वेली दिसतात. रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील हे दोघे, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू अशा तीन घरच्या सहा भावांनी 2000 नंतरच्या दशकात हा मळा उभा केला. म्हणून नाव फ्रातेली, इटालियनमध्ये भाऊ. वेलींची रोपे फ्रान्समधून आली, वाइन घडवायला टस्कनीचे पिएरो मासी आले. सांज्योवेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ या दोन द्राक्षांची ‘सेट्टे’ ही त्यांची अभिमानाची तांबडी वाइन. सेट्टे म्हणजे सात: सहा भाऊ आणि सातवे मासी. पुढे बुर्गुंडीच्या वाइन घराण्यातले जाँ-शार्ल बोआसे यांच्याशी हात मिळवून ‘जनून’ आली. साखर कारखान्याच्या राजकारणात मुरलेल्या घराण्याने उसाच्या मुलखात कमी पाण्याची, कमी टनाची शेती करून दाखवावी, ही साधी गोष्ट नाही. एकच खंत आहे. ब्रँडचे नाव इटलीचे आहे. दिंडोरी बाटलीवर चढली, अकलूज अजून मागे उभे आहे.

आता चवीकडे. मराठी माणसाची वाइनशी पहिली भेट बहुधा गोव्याच्या गोडमिट्ट पोर्टशी झालेली असते. त्या सवयीने कोणी कोरडी तांबडी वाइन तोंडात घेतली, की पहिला शेरा ठरलेला: कडू आहे. ती कडू नसते, तुरट असते. कच्च्या जांभळाने किंवा काताने जीभ जशी ओढून धरली जाते, तशी. सालीतली आणि बियांतली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, म्हणून तोंड कोरडे पडते. मांसातली प्रथिने आणि चरबी समोर आली की तीच टॅनिन तिकडे वळतात आणि घोट मऊ लागतो. बोर्दोच्या तांबड्या वाइनसोबत तिथले लोक मेंढराचे भाजलेले मांस खातात ते उगाच नाही. पोयाकचे कोकरू तिथल्या वाइनइतकेच नावाजलेले आहे.

तर मग माडग्याळ मेंढीच्या मटणासोबत ती का जमू नये? जमते, पण तांबड्या रश्श्यासोबत नाही. तिखटाने जिभेची आग झालेली असताना चौदा टक्क्यांचे मद्य त्या आगीत तेल ओतते, आणि वाइनचा सगळा नाजूक भाग मिरचीखाली गाडला जातो. जमते ते आळणी. हळद-मिठात शिजलेले, आले-लसणाच्या वासाचे आळणी मटण, किंवा चुलीच्या निखाऱ्यावर नुसते मीठ लावून भाजलेली चाप, सोबत ज्वारीची भाकरी. कॅबर्ने घेऊन बसायचे तर हे ताट. रस्साच हवा असेल तर थंडगार शेनिन ब्लाँसारखी किंचित गोडसर पांढरी वाइन त्याला झेलते. आणि रस्सा फारच झणझणीत असेल तर ताकाला तोड नाही, हे मान्य करून मोकळे व्हावे.

तापमानाची एक चूक जवळजवळ सगळेच करतात. तांबडी वाइन घरातल्या तापमानाला प्यावी असे जुने लिखाण सांगते. ते घर फ्रान्समधले दगडी घर आहे, 16 ते 18 अंशांचे. आटपाडीत एप्रिलच्या दुपारी बाटली कपाटातून काढली तर ती काढ्यासारखी लागेल. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग उघडावी. ग्लास एक तृतीयांशच भरावा, म्हणजे फिरवला तर वास वरच्या पोकळीत जमतो. पेग मोजून, बर्फ-सोडा घालून, एका दमात संपवण्याची सवय ज्याला आहे त्याने ती या बाटलीपाशी बाजूला ठेवावी. महागाचे काहीतरी वाया गेले एवढेच त्यातून निष्पन्न होते. उरलेली बूच लावून फ्रीजमध्ये दोन दिवस चांगली राहते. मुटोंची बाटली फ्रान्समध्येच शेकडो युरोंना पडते, इथे आयात शुल्क चढून तिचा भाव ऐकायलाही बसावे लागते. तिच्यासाठी झुरण्याचे कारण नाही. अकलूजची किंवा दिंडोरीची एक बाटली चौघांत वाटून घेतली तरी वर सांगितलेले सगळे कळते.

माळकरी घराला यातले काहीच नको असेल, तर त्याचाही आदर आहे. वाइन हे मद्यच आहे. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकायला मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असा युक्तिवाद झाला. तो पोकळ होता. बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाला सरबत म्हणता येत नाही, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे. निर्णयाला विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय कागदावरच राहिला. शेतकऱ्याच्या भल्याचे नाव पुढे करून किराणा दुकानात बाटली ठेवण्याची घाई चुकीचीच होती. खुद्द फ्रान्समध्ये 1991 च्या एव्हाँ कायद्याने दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीला बंदी आहे. ज्या देशाची ओळखच वाइन, त्याला ही मर्यादा अपमानाची वाटली नाही.

फ्रान्सचे गुणगान करताना तिथली दुसरी बाजूही सांगायला हवी. 1960 च्या सुमारास फ्रेंच माणूस वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन पीत असे; आता तो आकडा निम्म्याच्याही खाली आला आहे. 1855 च्या यादीतले साठेक मळे थाटात आहेत, पण बोर्दोत हजारो मळेवाले असे आहेत ज्यांच्या गावाचे नाव कोणाला ठाऊक नाही आणि ज्यांची वाइन आजही लिटरवर, टँकरने, व्यापाऱ्याला जाते. 2023 मध्ये तिथे सुमारे साडेनऊ हजार हेक्टर बागा उपटण्यासाठी सरकारला पैसे मोजावे लागले. एकाच नदीच्या काठावर, एकाच द्राक्षातून, एकाची बाटली लिलावात जाते आणि दुसऱ्याच्या वेलीला जेसीबी लागतो. नाव नसलेल्या बोर्दोवाल्याची आणि तासगाववाल्याची चिंता सारखी आहे.

म्हणून आटपाडीने उद्या कॅबर्ने लावावी, असे इथे सुचवायचे नाही. खरेदीचा पक्का करार हातात नसताना वाइनची वेल लावणे म्हणजे मंदीनंतरची ती पडझड पुन्हा ओढवून घेणे. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांच्यासोबत इथल्या माणसांनी 1993 पासून पाणी परिषदा भरवून जे पाणी मिळवले, ते सगळ्यांना समान वाटण्याचा आग्रह धरून मिळवले. त्या पाण्यावर जे पिकेल त्याला गाव असावे, मागणी एवढीच आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन जिल्ह्याला मिळून भागत नाही. ते वापरायचे तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. ज्यांनी ती केलेली नाही त्यांनी या हंगामाआधी करावी. आणि आटपाडीच्या बाजार समितीने पुढच्या बहाराच्या पहिल्या सौद्यापासून प्रत्येक क्रेटवर एक चिठ्ठी लावावी: गाव, बागायतदार, जमीन मुरमाड की काळी, बहार कोणता. खराब फळाच्या क्रेटला ती चिठ्ठी देऊ नये, मग तो क्रेट संचालकाच्या बागेतला का असेना.